एकोणीसशे सात

मी रुजू झाले मार्च अठ्ठ्याण्णवमध्ये, लेकलाइन एअरला,
बावीस जणांच्या तुकडीत शेवटची,
कारण एकाच दिवशी आलेल्यांना त्यांनी वयानं लावलं
आणि मी सगळ्यांत धाकटी.
तेव्हा हसलो होतो त्यावर.

आमच्या धंद्यात हुशारीला कुणी विचारत नाही.
रांगेत कधी उभी राहिलीस, एवढंच.
त्यावर ठरतं कुठलं विमान, डावी खुर्ची की उजवी,
नाताळ घरी की फार्गोच्या हॉटेलात,
आणि गळती लागली की आधी कोण.

तशी लागली, आणि मला तीन वर्षं घरी बसवलं.
डुलूथमध्ये काउंटीचा ट्रक चालवून रस्त्यावरचं बर्फ ढकललं.
पहाटे डोक्यावरून दिवे जायचे
आणि मी काचेतून वर बघत म्हणायची,
माझी जागा आहे, फक्त मी नाहीये तिच्यात.

मग वरच्या मजल्यावर सोयरीक जुळली, सनमेसाशी.
ताटात सांडलं काय, वाटीत सांडलं काय,
अशा अर्थाचं पत्र आलं सगळ्यांना.
खरं होतं. फक्त सांडले होते ते आम्ही.

शिकागोजवळच्या एका हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये,
अकरा दिवस सुनावणी.
क्विन्लन नावाचे लवाद, कानात यंत्र,
ते काढून ठेवत, फार झालं की.
आमचे वकील म्हणत: तारीख म्हणजे तारीख.
त्यांचे म्हणत: घरी बसलेल्यांची वर्षं शून्य.
शून्य म्हणताना बाईंनी बोटांनी गोल करून दाखवला.
त्यातून मला पलीकडचा पाण्याचा जग दिसला.

व्हर्लिन हाउगेन साक्षीला उभा राहिला, सनमेसाचा,
दोन हजार सहाची भरती.
म्हणाला, मी कुणाची जागा घेतली नाही.
तुमचं घर खचत होतं, आमचं बांधलं जात होतं,
मी बांधल्या जाणाऱ्या दारात उभा राहिलो, इतकंच.
मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

निकाल अठ्ठ्याण्णव पानांचा.
हाउगेन एकोणीसशे सहा.
मी एकोणीसशे सात.
कप्तानांच्या जागा एकोणीसशे सहापर्यंत पोचल्या
आणि संपल्या.
मी पहिल्यांदा विमान उतरवलं तेव्हा हा आठवीत होता.

जानेवारीत आम्हाला एकत्र लावलं.
मिनीआपोलिस ते बिस्मार्क, आणि आमच्यात फक्त चेकलिस्ट.
फ्लॅप्स. पाच. चाकं. खाली.
खाली वारा आडवा, धावपट्टी दिसते न दिसते,
आणि तो एकदम म्हणाला, तुमच्या हातात.
का, ते नाही सांगितलं. बर्फातले हात कुणाचे
हे कदाचित माहीत असावं त्याला.
मी म्हटलं, माझ्या हातात.
एवढंच म्हणायचं असतं नियमाप्रमाणे.

व्हॅन आली. पुढे एकच सीट, हीटरजवळची.
ड्रायव्हर म्हणाला, सीनिअर कोण?
उणे सव्वीस. आम्ही दोघंही मागे बसलो.

फेब्रुवारीत डोलोरेस ओबुखोव्स्की गेली.
नंबर चारशे चाळीस.
आडव्या वाऱ्यात नाक कुठे धरायचं
हे तिनं शिकवलं होतं मला, माझ्या मनगटावर चापट मारून.
ईमेलची दुसरी ओळ वाचण्याआधी
मनानं वजाबाकी करून टाकली.
एकोणीसशे सहा.

रात्री शर्टाला इस्त्री करत होते,
खांद्यावर चौथ्या पट्टीची जागा बघत.
हाउगेनचा मेसेज आला:
ओबुखोव्स्कींचं कळलं.
आणि थोड्या वेळानं, वेगळा:
मीही मोजलं.

उत्तर दिलं नाही.
इस्त्री गरम होती, आणि बाही अजून एक राहिली होती.